हार्मंड्सवर्थचं कोठार: दशांशाचं, की शेरीच्या पिकाचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. हीथ्रो विमानतळाच्या उत्तरेला हार्मंड्सवर्थ गावात तुम्ही सहाशे वर्षांपूर्वीचं एक प्रचंड लाकडी कोठार पाहिलंत. लोक त्याला 'टाइद बार्न', म्हणजे दशांश कराचं कोठार म्हणतात. हा कर काय होता, धान्य ठेवायला एवढी मोठी इमारत कशाला लागली आणि ती आतून चर्चसारखी का दिसते? तिथले खांब पाहून वाईजवळच्या तुमच्या आजोळच्या वाड्याची आठवण झाली, त्यात काही तथ्य आहे का? आणि त्या वाड्याचे खांब तळाशी कुजलेत, त्यांचं काय करावं? गेली सव्वीस वर्षं मी जुन्या लाकडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते आहे. बहुतेक काम वाड्यांचं आणि देवळांच्या सभामंडपांचं. इंग्लंडला गेले की मात्र पाय या कोठारांकडे वळतात. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी नावाचा घोळ मिटवू. हार्मंड्सवर्थचं कोठार दशांशासाठी बांधलेलं नाही. मध्ययुगातलं कुठलंही मोठं कोठार दिसलं की त्याला 'टाइद बार्न' म्हणायची इंग्लंडमध्ये फार जुनी सवय आहे, आणि त्यातली निम्मीअधिक नावं कागदपत्रांपुढे टिकत नाहीत. फरक समजून घ्यायचा तर दशांश म्हणजे काय ते पाहावं लागेल.

जमिनीतून आणि गोठ्यातून जे निघेल त्याचा दहावा भाग चर्चला द्यायचा, हा टाइद. सुरुवातीला हे धर्मकर्तव्य होतं. दहाव्या शतकात राजा एडगरच्या कायद्यानं ते सक्तीचं झालं, न देणाऱ्याला दंड बसू लागला. दहा टक्के म्हटलं की आपल्याला सरदेशमुखी आठवते, पण ती ठरलेल्या वसुलीवर चालायची. टाइद शेतातच मोजला जायचा. कापणी झाली, पेंढ्या बांधल्या, की दर दहावी पेंढी चर्चची. बियाणं, मजुरी, काहीही वजा करायचं नाही. एकूण पिकाचा दहावा हिस्सा. गहू, सातू, ओट, गवत, लाकूड हा झाला 'मोठा' दशांश, तो त्या चर्चच्या मुख्य हक्कदाराकडे जाई. कोकरं, अंडी, फळं, मध हा 'लहान' दशांश तिथल्या साध्या पाद्र्याच्या वाट्याला येई. पुढे असंख्य गावांतले मुख्य हक्क मठांनी, आणि मागून महाविद्यालयांनी, आपल्याकडे ओढून घेतले. त्यामुळे शंभर मैलांवरचा मठ इथल्या शेतातली दहावी पेंढी नेऊ लागला. ती पेंढी ठेवायला जे कोठार बांधलं, तेच खरं टाइद बार्न.

पण मठांच्या स्वतःच्या जमिनीही अफाट होत्या. मालक स्वतःच्या देखरेखीखाली, स्वतःच्या खर्चानं कसून घेतो त्या जमिनीला आपल्याकडे शेरीची जमीन म्हणत. तिथेही नेमका तसाच प्रकार होता. शेरीचं सगळं पीक, दहातल्या दहाही पेंढ्या, मालकाच्या. साहजिकच सगळ्यात मोठी कोठारं बहुधा शेरीच्या पिकाची असतात. हार्मंड्सवर्थ त्यांतलंच.

या जहागिरीची कुळकथा अशी. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि १०६९ मध्ये हार्मंड्सवर्थ फ्रान्समधल्या रूआँच्या एका मठाला देऊन टाकलं. पुढची तीनशे वर्षं मालक समुद्रापलीकडे, आणि कुळं त्यांच्या कारभाऱ्याशी वेठीवरून भांडतायत, असं चाललं. मग इंग्लंड-फ्रान्सचं दीर्घ युद्ध पेटलं आणि शत्रूच्या देशातल्या मठांची इंग्लंडमधली मालमत्ता धोक्यात आली. मठाला ती विकून मोकळं व्हायचं होतं, आणि विंचेस्टरचा बिशप विल्यम ऑफ विकम याला आपल्या नव्या शाळेसाठी कायमचं उत्पन्न हवं होतं. १३९१ मध्ये त्यानं हार्मंड्सवर्थ विकत घेऊन विंचेस्टर कॉलेजच्या नावावर केलं. ही शाळा आजही चालू आहे. म्हणजे तुम्ही पाहिलेलं कोठार उभं राहिलं ते देवाच्या हिश्श्यासाठी नव्हे, तर शाळेच्या खर्चासाठी.

याच विकमनं ऑक्सफर्डचं न्यू कॉलेजही काढलं. त्या कॉलेजनं स्वॉलक्लिफ गावात पंधराव्या शतकाच्या पहिल्या दशकात दगडी कोठार बांधलं, आणि ते मात्र तिथल्या चर्चच्या हक्कातून येणाऱ्या पिकासाठी होतं. एकाच माणसानं काढलेल्या दोन संस्थांची, वीस-पंचवीस वर्षांच्या अंतरानं बांधलेली ही दोन कोठारं. एक दशांशाचं, दुसरं शेरीचं. बाहेरून पाहून कुणालाही ओळखता येणार नाही, कारण आत चालणारं काम एकच होतं.

आता त्या कामाकडे येते. माझ्या मते या इमारतीचं सगळं मर्म तिथे आहे.

'धान्य ठेवायला एवढी मोठी इमारत कशाला' असं तुम्ही विचारलंत, पण ती धान्य ठेवायला नव्हतीच. तिथे पेंढ्या ठेवत, न मळलेल्या, कणसासकट. बार्न हा शब्दसुद्धा जुन्या इंग्रजीतल्या 'सातूचं घर' अशा अर्थाच्या शब्दापासून आला आहे. मळलेलं धान्य फार थोडी जागा घेतं. पन्हाळ्यावर गंगा, यमुना, सरस्वती हे अंबारखाने पाहिले असतील; जाड भिंती, वरून धान्य ओतायची भोकं, आत नुसता दाणा. आपलं पेव किंवा कणगी घ्या, तीही दाण्यासाठीच. कणसाला ताटासकट ठेवायचं ठरवलं की त्याच धान्याला कितीतरी पट जागा लागते, आणि ती जागा कोरडी लागते, हवेशीर लागते, वर छप्पर असलेली लागते. एका पेंढीला ओल राहिली की गंजीच्या पोटात ऊब धरते आणि सगळं बुरसतं.

मग ते लोक शेतातच मळणी का करत नव्हते? पावसामुळे. आपल्याकडे देशावर रब्बीचं पीक निघतं तेव्हा आकाश स्वच्छ असतं. खळं सारवायचं, मधे तिवडा रोवायचा, बैलांची पात फिरवायची, वारा आला की तिवईवर उभं राहून उफणायचं. उघड्यावर पंधरा दिवसांत सगळं उरकतं. कोकणातल्या माणसाला मात्र यातली धास्ती चटकन कळेल. भात कापून पडलंय आणि परतीचा पाऊस दारात उभा, तेव्हा भारे घाईघाईनं आडोशाला नेऊन रचायची जी धांदल उडते, तीच तिकडे दरवर्षीची रीत. ऑगस्ट-सप्टेंबरात कापणी, आणि लगोलग ओला शरद ऋतू. म्हणून पीक आहे तसं गाडीत भरायचं, छपराखाली आणायचं, आढ्याला टेकेपर्यंत रचायचं, आणि मग सगळा हिवाळा आत बसून हळूहळू मळायचं.

मळणीला बैल नव्हते. चामड्यानं एकमेकांना जोडलेल्या दोन काठ्या, एक हातात धरायची, दुसरी गरगर फिरून पेंढीवर आपटते. दोघं-तिघं मजूर समोरासमोर उभे राहून ठेका धरत. ही झोडपणी महिनोन्‌महिने चाले. शेतात काम नसताना मजुराची चूल तिच्यावरच पेटायची. एकोणिसाव्या शतकात मळणी यंत्रं आली तेव्हा १८३० मध्ये दक्षिण इंग्लंडच्या शेतमजुरांनी ती फोडायला सुरुवात केली. हे कोठार नजरेसमोर असलं की तो उठाव नीट समजतो. यंत्रानं त्यांचा अख्खा हिवाळा काढून घेतला होता.

एवढं लक्षात आलं की इमारत आपसूक वाचता येते. हार्मंड्सवर्थला पूर्वेच्या लांब बाजूला तीन भलीमोठी दारं आहेत. दारं मोठी, कारण त्यांतून पेंढ्यांनी शीग लागलेली गाडी आत यायची. तीन, कारण दर दाराच्या आतला पट्टा म्हणजे एकेक खळं. त्याच्या डाव्या-उजव्या हाताला पेंढ्यांच्या गंज्या, मधल्या पट्ट्यावर झोडपणी. मला तर हे छपराखालचं खळंच वाटतं. पुष्कळ कोठारांत दारं समोरासमोर असतात. त्यांचा दुसरा उपयोग उफणणीचा. दोन्ही दारं उघडली की मधून वाऱ्याचा झोत वाहतो, धान्य उधळलं की भूस उडून जातो आणि दाणा खाली पडतो. जे आपण माळावरच्या वाऱ्यात करतो, ते त्यांनी वाऱ्याला घरात बोलावून केलं.

आता मापं. लांबी १९२ फूट, म्हणजे सुमारे ५८ मीटर. रुंदी ३७ फूट. उंची ३९ फूट. जमिनीचं क्षेत्र सात हजार चौरस फुटांच्या आसपास, तेही मधे एकही भिंत नसताना. इंग्लंडमध्ये मध्ययुगातलं याहून मोठं लाकडी कोठार धडधाकट उरलेलं नाही. लांबीत बारा खण आहेत. 'खण' हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण इंग्लंडचे सुतारही इमारत याच हिशेबानं मोजत. दोन चौकटींच्या मधलं अंतर म्हणजे एक खण, आणि 'घर केवढं' याचं उत्तर 'इतक्या खणांचं'. आपला वाड्याचा खण साधारण पाच-सहा फुटांचा, हार्मंड्सवर्थचा सोळा फुटांचा. बारा खणांना तेरा चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन खांब, म्हणजे एकूण सव्वीस खांब. एकेक खांब ओकचा, सुमारे चौदा इंच चौरस, आणि प्रत्येकाच्या बुडाशी दगडाचा ठोकळा.

तो ठोकळा म्हणजे आपला तळखडा. तुमच्या आजोळची आठवण झाली ती उगाच नव्हे. लाकूड जमिनीला टेकलं की ओल वर चढते आणि तळ कुजतो. हे दोन्हीकडच्या सुतारांना सारखंच कळलेलं, म्हणून दोघांनीही खांब दगडावर उभा केला. कुणी कुणाकडून शिकलं असं म्हणायला काहीही आधार नाही, आणि तसं म्हणायची गरजही नाही. लाकूड आणि पाणी जगभर सारखंच वागतं.

चर्चसारखं का दिसतं, याचं उत्तरही लाकडातच आहे. कवी जॉन बेट्जमन यांनी याला 'मिडलसेक्सचं कॅथेड्रल' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. आत पाऊल टाकलं की खरोखर मान वर जाते. मधे उंच लांबलचक जागा, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, त्यांच्या पलीकडे बुटक्या जागा. पण ३७ फूट रुंदीवर एका तुळईनं पल्ला गाठणं परवडत नाही. म्हणून सुतार मधला भाग तुळईला झेपेल एवढाच ठेवतो आणि छपराचे पाखे तसेच खाली ओढून दोन्ही बाजूंना पडवी काढतो. होय, पडवीच, आपल्या कौलारू घराला असते तशीच, फक्त माजघर आणि पडवी यांच्यात भिंत नाही, खांबांची ओळ आहे. मोठी चर्चंही रुंदी मिळवायला हीच युक्ती वापरत. कोठारानं चर्चची नक्कल केली असं मला वाटत नाही. दोघांनाही रुंद छप्पर हवं होतं आणि दोघांचे सुतार एकाच परंपरेतले.

मला या इमारतीत सगळ्यात जास्त आवडतो तो खांबाचा माथा. पुढच्या वेळी गेलात तर दुर्बीण न्या आणि पाच मिनिटं एकाच खांबाच्या टोकाकडे पाहा. तिथे तीन लाकडं एकत्र येतात: खाली उभा खांब, कोठाराच्या लांबीला समांतर धावणारा सरा, आणि समोरच्या खांबाकडे आडवी जाणारी तुळई. तिघांना एका जागी घट्ट धरायचं, आणि छपराचा रेटा खांबांना बाहेर ढकलतोय तोही अडवायचा. चौदा इंचांच्या माथ्यावर एवढे सांधे मावणार कसे? त्यासाठी असा खांब झाड उलटं करून उभा करायची पद्धत होती, बुंधा वर आणि शेंडा खाली. बुंध्याकडे ओक आपोआप पसरट होतो, त्यामुळे वर रुंद माथा मिळतो. त्या माथ्यावर दोन कुसवं, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या खाचेत शिरणारी टोकं, कोरायची, एकमेकांशी काटकोनात आणि वेगवेगळ्या उंचीवर. खालच्या कुसवावर सरा बसतो, वरचं कुसू तुळईच्या पोटात शिरतं. शिवाय तुळईच्या पोटाला कबुतराच्या शेपटीसारखी पसरत जाणारी खाच असते, ती सऱ्याला पकडते. सरा बाहेर सरकायला गेला की ती शेपटी आणखी आवळते. ओझं जितकं वाढेल तितका सांधा घट्ट.

आणि हे सगळं लोखंडाशिवाय, लाकडी खुंट्यांवर. खुंटीतही एक खुबी होती. कुसवातलं भोक आणि खाचेच्या बाजूंमधलं भोक मुद्दाम थोडंसं चुकवून पाडायचं, दोन-तीन मिलिमीटर. मग निमुळती खुंटी ठोकली की ती वाट काढताना दोन्ही लाकडं एकमेकांकडे ओढून घेते. आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या सुतारमामांना मी हे चित्र काढून दाखवलं, तर त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेऊन तीच खुबी आपल्या पद्धतीनं काढून दाखवली. त्यांच्या वडिलांनी शिकवलेली.

ओक आणि साग यांत मात्र एक मोठा फरक आहे. आपण साग वर्षानुवर्षं सुकवून मग वापरतो. ओक सुकला की दगडासारखा होतो, त्याला पटाशी लागत नाही. म्हणून मध्ययुगात तो हिरवाच, तोडल्यावर थोड्या महिन्यांत, कुऱ्हाडीनं तासून वापरत. सगळी चौकट आधी जमिनीवर आडवी जुळवायची, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरायच्या, पुन्हा सुटी करायची, जागेवर नेऊन उभी करायची. मग ती उभ्या-उभ्या सुके, आखडे, पिळवटे. जुन्या कोठारांत खांब मुरडलेले, लांब उभ्या भेगा पडलेले दिसतात ते त्यामुळे. ते धोक्याचं लक्षण नव्हे. अशा भेगा सिमेंट किंवा पुट्टी भरून बुजवलेल्या पाहिल्या की मला फार वाईट वाटतं.

हिरवं लाकूड वापरण्याचा आपल्याला आज एक मोठा फायदा होतो. झाडाला दर वर्षी एक वर्तुळ येतं. पावसाचं वर्ष रुंद, दुष्काळाचं अरुंद. त्या ओळीवरून झाड कधी तोडलं ते काढता येतं. लाकूड लगेच वापरलं असेल तर तोडणीचं साल म्हणजे जवळजवळ बांधकामाचंच साल. हार्मंड्सवर्थच्या लाकडांची तोडणी १४२४-२५ च्या हिवाळ्यापासून १४२६ च्या वसंतापर्यंतची निघाली. आणि इकडे विंचेस्टर कॉलेजच्या हिशेबाच्या कागदांत नोंद आहे, की १४२४ मध्ये विल्यम किपिंग आणि जॉन ॲट ओक हे दोन सुतार कोठाराचं लाकूड खरेदी करायला टेम्सकाठच्या किंग्स्टनला गेले. कागद आणि लाकूड एकच गोष्ट सांगतात, असं फार क्वचित घडतं. आणि सुताराचं नाव ओक! ही नावं मला पाठ आहेत. आपल्या एवढ्या वाड्यांपैकी किती वाड्यांच्या सुतारांची नावं आपल्याला सांगता येतील? पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वाढवर्तुळांचा अभ्यास झालेला आहे, तो मुख्यतः जुन्या पावसाचा अंदाज घ्यायला. तेच ज्ञान वाड्यांच्या तुळयांचं वय काढायला वापरलं जावं, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

इतर कोठारांबद्दल थोडंसं, कारण एकावरून सगळ्यांचा अंदाज येत नाही. एसेक्समधल्या क्रेसिंग टेंपलला टेंपलर या लढवय्या धर्मसंघाची दोन लाकडी कोठारं आहेत, एक सातूचं आणि एक गव्हाचं, दोन्ही तेराव्या शतकातली. हार्मंड्सवर्थहून दीड-दोनशे वर्षं जुनी. त्यांतले सांधे वेगळ्या धाटणीचे, लाकडावर लाकूड खाच पाडून चढवलेले. सुतारकाम कसं बदलत गेलं ते पाहायचं तर तिथे जावं. ऑक्सफर्डशरमधलं ग्रेट कॉक्सवेल हे ब्यूली मठाचं, १२९० च्या दशकातलं. भिंती दगडी, पण आतलं छप्पर भिंतींवर नाही, लाकडी खांबांवर. आणि ते खांब जवळजवळ माणसाच्या उंचीच्या दगडी चौथऱ्यांवर. जवळच केल्म्सकॉटला राहणाऱ्या कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस यांचा त्यावर फार जीव होता, पाहुण्यांना ते आवर्जून दाखवायला नेत.

विल्टशरमधल्या ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनचं कोठार शाफ्ट्सबरीच्या जोगिणींच्या मठाचं, चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, चौदा खणांचं. तिथे आत खांबच नाहीत. नैसर्गिक बाक असलेली झाडं शोधून त्यांच्या वाकड्या लाकडांच्या जोड्या भिंतीच्या मध्यापासून उचलल्या आहेत आणि त्या वर आढ्याकडे एकमेकींना भेटतात. उलट्या होडीच्या पोटात उभं राहिल्यासारखं वाटतं. त्या छपरावर सुमारे शंभर टन दगडी फरश्या आहेत, आणि हे ओझं सातशे वर्षं ती वाकडी लाकडं पेलतायत. शाफ्ट्सबरी हा इंग्लंडमधल्या बायकांच्या सगळ्यात श्रीमंत मठांपैकी एक होता. मध्ययुगातली जमीनदारी म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुषच येतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

दशांशाचं पुढे काय झालं? सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीनं मठ मोडले, तेव्हा त्यांच्या जमिनींबरोबर दशांश वसुलीचे हक्कही सरदार-सावकारांच्या हाती गेले. आता दहावी पेंढी न्यायला गावाबाहेरचा एखादा जमीनदार यायचा, ज्याचा चर्चशी काही संबंध नाही. लोकांचा राग वाढत गेला. १८३६ च्या कायद्यानं पेंढ्या घेणं थांबवून रोख रक्कम ठरवली. ती गहू, सातू आणि ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावाशी बांधलेली होती. त्यासाठी गावोगावचे नकाशे काढले, शेत न्‌ शेत नोंदवलं. इंग्लंडच्या स्थानिक इतिहासकारांसाठी ते नकाशे आजही सोनं आहेत. १९३६ मध्ये ती रोख आकारणीही मोडीत निघाली.

हार्मंड्सवर्थ कॉलेजकडून १५४३ मध्ये राजाकडे आणि तिथून खासगी हातांत गेलं, पण कोठाराचं काम बदललं नाही. थेट १९७० च्या दशकापर्यंत तिथे शेतीमाल ठेवला जात होता. ते टिकलं त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. वापरात असलेल्या इमारतीचं फुटकं कौल कुणीतरी बदलतो, कारण खाली त्याचा माल असतो. वापर सुटला आणि संकट आलं. मालक बदलले, २००६ मध्ये ते अवघ्या एका पौंडाला विकलं गेलं, आणि नव्या मालकानं देखभालच केली नाही. छप्पर गळू लागलं. २००९ मध्ये इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला तातडीनं दुरुस्ती करावी लागली, आणि २०११ मध्ये त्यांनी वीस हजार पौंड देऊन ते विकत घेतलं. नंतर छपराची नीट दुरुस्ती झाली. गावकऱ्यांनी या सगळ्या वर्षांत ते कोठार सोडलं नाही, आज दारं उघडून लोकांना आत घेतात तेही गावातलेच स्वयंसेवक. वर विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीची टांगती तलवार आहेच. २०२५ मध्ये सरकारनं तिला पुन्हा पाठिंबा जाहीर केला. आजवरच्या आराखड्यांत गावाचा मोठा भाग जातो आणि कोठार धावपट्टीच्या अगदी कडेला उरतं. इमारत वाचली आणि भोवतालचं गाव गेलं, तर तिचा जीव निम्मा गेला असं मी म्हणेन.

आतली लाकडं बहुतांश मूळचीच आहेत, सहाशे वर्षांपूर्वी उभी केलेली. ते शक्य झालं कारण चौकट सुटी होऊ शकते. एक लाकूड खराब झालं तर तेवढंच काढता येतं, आणि लाकडाचा एक वीतभर भाग कुजला तर तेवढाच कापता येतो.

इथून तुमच्या वाड्याकडे येते. खांब तळाशी कुजले म्हणून कुणी तुम्हाला 'काँक्रीटचा कॉलम घाला' म्हणेल, किंवा 'तळाला सिमेंटचा कोबा घालून घट्ट करा' म्हणेल. दुसरा सल्ला पहिल्याइतकाच घातक. साताऱ्याकडच्या एका वाड्यात आमच्या आधीच्या ठेकेदारानं सगळ्या तळखड्यांभोवती सहा-सहा इंच सिमेंट चढवलं होतं. दिसायला भक्कम. सात वर्षांनी आम्ही ते फोडलं तर आतला साग हातानं भुगा होत होता. सिमेंट आणि लाकूड यांच्या फटीत पाणी उतरतं, आणि त्याला बाहेर पडायला वाटच नसते. दीडशे वर्षं उघडा राहून टिकलेला खांब सात वर्षांत गेला.

तुम्ही असं करा. आधी खांबाला हात लावू नका, छपरावर माणूस चढवा. पन्हळ, कौलं, आढ्याची ओळ, पाणी कुठून येतंय ते पाहा. मग वाड्याभोवतीची जमीन पाहा. शंभर वर्षांत रस्ता आणि अंगण वर येत जातं आणि तळखडा मातीत गाडला जातो. तो मोकळा करा, पाण्याला उतार द्या. एक पावसाळा जाऊ द्या. त्यानंतर खांब टोकदार हत्यारानं टोचून पाहा. जिथे टोक सहज आत जातं तिथपर्यंत कूज, जिथे अडकतं तिथून वर निरोगी लाकूड. बहुतेक वेळा कूज फूट-दीड फुटांपलीकडे गेलेली नसते.

मग वरच्या तुळईला टेकू आणि जॅक देऊन खांबावरचं ओझं काढायचं, कुजलेला भाग तिरक्या पायऱ्या पाडत कापायचा, त्याच मापाचा जुन्या, सुकलेल्या सागाचा तुकडा त्या पायऱ्यांत बसवायचा आणि आरपार लाकडी खुंट्या ठोकायच्या. इंग्लंडमधले सुतार जुन्या ओकच्या खांबांना नेमका असाच पाय जोडतात. कामासाठी सुतार निवडताना त्याला मोठमोठ्या कामांचे फोटो विचारू नका, असा एक सांधा तुमच्यासमोर दोन तुकड्यांवर करून दाखवायला सांगा. आणि तळखडा तोच ठेवा. खांब बदलला तरी चालेल, पण त्या दगडाची जागा आणि उंची ज्यानं ठरवली त्यानं जमिनीतली ओल पाहून ठरवली होती. खांबाखाली दगडावर शिशाचा पातळ पत्रा घालता आला तर उत्तम, नाही तर चुन्याचा पातळ थर पुरे.

हार्मंड्सवर्थ एप्रिल ते ऑक्टोबर ठरावीक रविवारीच उघडतं, तारखा आधी बघून जा. शक्य झालं तर तुमच्या वाड्याच्या सुतारालाही एखाद्या खांबाच्या माथ्याचे आणि बुडाचे फोटो काढून पाठवा. त्याला भाषांतर लागणार नाही.